कोल्हापूर जिल्ह्यात कलाकारांसाठी संस्था उभी करताना

कलाकारांसाठी संस्था काढायची म्हटलं की पहिली चर्चा नावाची होते आणि दुसरी उद्घाटनाला कोणाला बोलवायचं याची. दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी यादी करा. जिल्ह्यात तालुके बारा. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब पडतं, म्हणजे एका सहीसाठी त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. त्यामुळे अर्ज घ्यायला आणि कागद तपासायला संस्थेनंच तिकडं जायचं. आठवडी बाजाराचा दिवस धरून तालुक्याच्या गावी बसा, लोक तसेही बाजाराला आलेले असतात. गडहिंग्लजला बसलात तर आजऱ्याची माणसंही भेटतात. गगनबावड्याला मात्र वेगळी फेरी मारावी लागते.

यादीत प्रत्येकाची दोन नावं लिहा: आधारवरचं आणि गाव ज्या नावानं ओळखतं ते. पोस्टरवर आणि जुन्या कात्रणांत दुसरं असतं, बँकेत पहिलं, आणि पुढं दोन्ही एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करताना वर्ष जातं. मग कला, किती वर्षं करतो, साथीदार कोण, वाद्य किंवा अवजार स्वतःचं की भाड्याचं, वर्षातले कोणते महिने मोकळे. शाहीर, सोंगी भजनी, गोंधळी, धनगरी गजेवाले सहज आठवतात. कुंभार, चर्मकार, हुपरीचे चांदी कारागीर हेही कलाकार आहेत, त्यांना ‘व्यावसायिक’ म्हणून गाळू नका. हलगीवाल्याला तर बहुतेक याद्यांत जागाच नसते.

सगळ्यात जास्त घोळ बँक खात्यात होतो. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, आणि बँकांच्या विलीनीकरणात अनेक शाखांचे आयएफएससी कोड बदलले आहेत. पासबुकावर जुनाच कोड छापलेला असतो. म्हणून रक्कम पाठवण्याआधी एक रुपया पाठवून बघा आणि समोरच्याला पोचला का हे फोनवर विचारा. पथक असेल तर सगळे पैसे म्होरक्याच्या खात्यावर टाकू नका. प्रत्येक साथीदाराचा वाटा आधी लिहून घ्या आणि ज्याच्या त्याच्या खात्यावर द्या. बाईच्या कलेचे पैसे बाईच्याच खात्यावर जातील, हेही नियमात लेखी असू द्या.

आता नोंदणी. जिल्हाभर काम करायला 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालची संस्था पुरते. तिची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. दोन्ही काम धर्मादाय कार्यालयातलं. सभासद किमान 7 लागतात. ते एकाच घरातले किंवा एकाच भावकीतले नकोत: कोणी हरकत घेणार नाही, पण देणगीदार ती नावं वाचतो. कंपनी कायद्याच्या कलम 8 ची, म्हणजे ना-नफा, कंपनी दोन संचालकांवर निघते, पण तिची दरवर्षीची विवरणपत्रं आणि त्यांचा खर्च छोट्या संस्थेला झेपत नाही.

घटना, म्हणजे संस्थेच्या उद्दिष्टांचा आणि नियमांचा कागद, दुसऱ्या संस्थेची उचलून नाव बदलण्याची पद्धत आहे. तिथंच पाय अडकतो. उद्दिष्टांत ‘कलेचा प्रचार व प्रसार’ एवढंच असेल, तर पुढं कलाकाराच्या औषधोपचाराला किंवा वाद्याला पैसे देताना लेखापरीक्षक विचारणारच. ‘गरजू कलाकारांना थेट आर्थिक साहाय्य’ आणि ‘साहित्य, वाद्ये, अवजारे पुरवणे’ हे शब्द घाला. कार्यक्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’ लिहा, नाहीतर कोकणातल्या पिंगुळीच्या, चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथीला मदत करायची वेळ आली की घटनादुरुस्ती आली. संस्था बंद झाल्यास मालमत्ता समान उद्दिष्टांच्या संस्थेला जाईल, हे कलमही हवंच, ते नसलं की करसवलतीचा अर्ज अडतो. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. तो राहिला की कागदावर जुनेच पदाधिकारी उरतात, बँक नव्यांच्या सह्या घेत नाही आणि खात्यात पैसे असून कलाकार थांबतो.

पैशासाठी 12 ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80 जी (देणगीदाराला वजावट) ही प्राप्तिकराची नोंदणी करून घ्या. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी बोलण्यात हीच नावं चालतात. 2,000 रुपयांवरची देणगी रोख घेतली तर देणगीदाराला वजावट मिळत नाही, हे पावतीपुस्तकावरच छापा. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी सीएसआर-1 नोंदणी लागते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आणि हस्तकला स्पष्ट लिहिल्या आहेत, त्यामुळे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या पात्र कंपन्यांकडं अर्ज करता येतो. सहकारी साखर कारखान्याकडं मात्र ‘सीएसआर द्या’ म्हणून जाऊ नका. तो कंपनी नव्हे, त्याला सीएसआरचं कलम लागू नाही. तिथं साधी देणगी मागा.

पहिल्या वर्षी एक लाख जमले, तर वाटप असं बसतं: प्रत्येकी 10,000 ची सात अर्थसाहाय्यं, 15,000 तालुक्यांच्या फेऱ्या, 9,000 अर्ज निवडणाऱ्या तीन परीक्षकांचं मानधन, 6,000 लेखापरीक्षण आणि किरकोळ. परीक्षकांना फुकट राबवू नका, ते वेळ देत नाहीत आणि निकाल लांबतो. अर्ज एका पानाचा, मराठीत. लिहिता न येणाऱ्याचा व्हॉट्सॲपवरचा आवाज अर्ज म्हणून धरा आणि तो तुम्ही उतरवून घ्या.

हप्ते निम्मे-निम्मे करायची सवय सरकारी आहे, कलाकाराला ती सोसत नाही. कुंभाराला माती, रंग आणि शेडचा खर्च मूर्ती विकण्याआधी करावा लागतो, चर्मकाराला चामडं एकदम घेतलं तरच परवडतं. 80 टक्के आधी द्या, 20 टक्के काम दाखवल्यावर. बिलांचा हट्ट तेवढ्यापुरताच: बाजारात पक्कं बिल न देणाऱ्याकडून घेतलेल्या मालाला तारीख, रक्कम आणि विकणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी चालेल, असं आधीच ठरावात घ्या.

अर्जाची मुदत कॅलेंडर बघून ठरवा. फेब्रुवारीतल्या शिवजयंतीपासून चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत शाहीर आणि वाजंत्री फिरतीवर असतात. गणपतीआधी कुंभाराला फोन उचलायला फुरसत नसते. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या गाळपाचा हंगाम, तेव्हाही माणसं मोकळी नसतात. म्हणून दोन खिडक्या ठेवा: सादरीकरणवाल्यांना श्रावण, मूर्तिकारांना दसऱ्यानंतर. श्रावणातल्या फेऱ्या पाण्यावर अवलंबून असतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की गगनबावड्याची बैठक पुढं ढकला आणि मुदतही आपोआप वाढेल असं नियमात लिहा.

राज्याची ज्येष्ठ कलाकार मानधन योजना महिन्याला 5,000 रुपये देते. तिथं वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला मिळून जातो, अडतं ते कलेच्या पुराव्यावर. तीस वर्षं गावोगाव गोंधळ घातलेल्या माणसाकडं एकही कात्रण नसतं आणि सरपंचाचं एकटं पत्र कमकुवत ठरतं. याला उपाय संस्थेच्या हातात आहे. तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाला कलाकाराचं आधारवरचं नाव, कला, ठिकाण आणि तारीख असलेलं प्रमाणपत्र जावक क्रमांकासह द्या, सोबत तारखेचा फोटो. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात प्रदर्शन भरवलं, तर त्याची पत्रिकाही जपा. तालुक्याच्या फेरीत जुनी निमंत्रणं, जत्रेच्या कमिटीची पावती, आकाशवाणीचं करारपत्र असं जे निघेल ते मोबाइलवर स्कॅन करा आणि मूळ कागद त्याच दिवशी, त्याच माणसाच्या हातात परत द्या. ‘नंतर पाठवतो’ म्हणून आणलेला कागद हरवला, की त्या गावात संस्थेला पुन्हा कोणी कागद दाखवत नाही.