ब्लू-कट घेतला तरी डोळे दुखतायत? स्क्रीनवाल्यांनो, या चुका टाळा

मी चिंचवडला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, सतरा वर्षं झाली. पूर्वी माणूस आत आला की विचारायचा, "नंबर वाढला का हो?" आता खुर्चीत बूड टेकायच्या आधीच विचारतो, "मॅडम, ब्लू-कट मिळेल ना?" ब्लू-कट म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवते म्हणून विकली जाणारी चष्म्याची काच. म्हणजे दुखणं काय तेही यानेच ठरवलं, औषधही यानेच ठरवलं, मी फक्त बिल फाडायचं. त्याच त्याच चुका बघून वैताग आलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

ब्लू-कट म्हणजे चिलखत समजणं

दुकानात तो निळा लेझर पेन आणि कार्डाचा खेळ बघितलाच असेल तुम्ही. साध्या काचेतून पेन मारला की कार्डावर ठळक डाग उठतो, ब्लू-कटमधून मारला की काहीच उठत नाही, गिऱ्हाईक खूश. मी पण हा खेळ शेकडो वेळा केलाय, खोटं कशाला बोलू. गोम अशी आहे की त्या पेनचा प्रकाश बहुतेक वेळा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, म्हणजे खरं तर जांभळा, आणि तुमच्या मोबाईल-लॅपटॉपचा निळा सगळ्यात जास्त असतो ४५० च्या आसपास, तिथे ही पारदर्शक काच फारसं काही अडवत नाही. एकूण निळ्यातला साधारण १० ते २५ टक्के अडतो, बाकी सगळा आत. खरंच सगळा अडवला असता तर काच पिवळीधमक दिसली असती आणि ती घालून ऑफिसला कोणी गेलं नसतं.

२०२३ मध्ये कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या जागतिक संस्थेने, १७ चाचण्या एकत्र करून तपासल्या, थोड्या काळाच्या वापरात तरी या काचांनी डोळ्यांचा ताण साध्या काचेपेक्षा कमी होतो असं काही निघालं नाही. झोपेबद्दलही ठाम काही हाती लागलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना तर सरळच सांगते की कॉम्प्युटरसाठी असला चष्मा घ्यायची गरज नाही. ब्रिटनमध्ये एका मोठ्या चष्मेवाल्या साखळीने जाहिरातीत निळ्या प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याच्या पेशी खराब होतात असं सांगितलं होतं, २०१७ ला ४० हजार पौंड दंड भरावा लागला. आणि तुलना तरी करा ना, दुपारी गच्चीत उभे राहिलात तर ५० हजार लक्सच्या वर उजेड असतो, मोबाईलचा डोळ्यापर्यंत येणारा उजेड शंभरही भरत नाही. आकाश निळंच आहे बरं का.

घेऊ नका असं नाही म्हणत, घ्या, काही बिघडत नाही. पण ब्लू-कटच्या नादात खरं कारण राहून जातं त्याचा मला राग येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, वय ४४, अकाउंट्सचं काम. रोज संध्याकाळी कपाळ ठणकायचं. या माणसाने काय केलं नव्हतं? ब्लू-कटचे दोन चष्मे, दोन्ही बिननंबरचे, ऑनलाइन मागवलेले. लॅपटॉपला वेगळी काच. निळा कमी व्हावा म्हणून फोनची स्क्रीन चोवीस तास पिवळी. घरातली ट्यूब काढून पिवळे बल्ब. मी जवळचं वाचायचं कार्ड हातात दिलं तर ते हळूहळू लांब न्यायला लागले, शेवटी हात पुरेना. म्हटलं, "सर, चाळिशी लागलीय." माणूस एकदम दुखावला. "अहो, अजून केस काळे आहेत माझे!" जवळचा नंबर निघाला सव्वा. आठ दिवसांनी चष्म्याचा नाकावरचा पॅड बसवून घ्यायला आले तेव्हा डोकं थांबलं होतं, फक्त सासुरवाडीला चष्मा लावत नाही म्हणाले.

चाळिशीवाल्यांची अजून एक भानगड असते. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकातच असलेली काच करतात आणि मग स्क्रीन नीट दिसावी म्हणून दिवसभर हनुवटी वर करून बसतात, जवळचा नंबर खालच्या भागात असतो ना. मग मान धरते, आणि नाव पुन्हा ब्लू लाइटचं. मी अशांना घरी पाठवते आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत सुतळी धरून मोजून, तेवढी कापून आणायला सांगते. लोक हसतात, पण त्या सुतळीच्या अंतराला नंबर काढून कॉम्प्युटरचा वेगळा चष्मा केला की बहुतेकांचा प्रश्न मिटतो.

पापण्याच न मिटणं

एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवते, स्क्रीनसमोर निम्म्यावर येते, कधी त्याहून कमी. त्यातही अर्धवटच मिटते. डोळा कोरडा पडतो, जळजळतो, चिकट वाटतो, आणि कोरडा डोळा पाणीही गाळतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. यात निळ्या रंगाचा काही संबंध नाही. वर एसीचा झोत तोंडावर. आधी ती झडप फिरवा, मग बोलू. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली ठेवा, नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो.

वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचा नियम सगळ्यांना पाठ आहे, जेफ्री अँशेल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या डोळे तपासणाऱ्याने तो लोकांना लक्षात राहावा म्हणून बनवला. लोक त्याचं ॲप टाकतात आणि दोन दिवसांनी ॲपची सूचनाच न बघता सरकवून टाकतात. माझी सवय साधी आहे. पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची नाही, लांब ठेवायची आणि ग्लास छोटा घ्यायचा. फोन आला की खिडकीशी जाऊन बोलायचं. झालं.

मेडिकलमधून ड्रॉप आणणं

याच्यावर मी भांडते, अक्षरशः. इंजिनिअरिंगची एक मुलगी नंबर तपासायला आली होती. दिवसभर लॅपटॉप, डोळे लाल व्हायचे, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक बाटली दिली, "दोन दिवसांत पांढरे होतील." झालेही. होणारच! मग डोळे लाल झाले की ड्रॉप, परीक्षा आली की ड्रॉप, असे पाच महिने. तिला त्रास काहीच नव्हता, आणि खरी भीती त्याचीच. हवेचा झोत मारून डोळ्याचं प्रेशर बघायचं मशीन असतं आमच्याकडे, साधारण २१ पर्यंत ठीक समजतात, तिचं उजव्याचं ३४ आलं. मला वाटलं मशीन बिघडलं. तीनदा घेतलं. मग तिला पर्समधली बाटली काढायला लावली आणि ट्यूबखाली धरून बारीक अक्षरं वाचली. डेक्सामेथासोन. स्टेरॉईड. हे डोळ्याचं प्रेशर वाढवू शकतं.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. प्रेशर नंतर उतरलं, पण वाढलेल्या प्रेशरने डोळ्याच्या नसेचा जो थोडा भाग गेला तो गेला, तो परत येत नसतो. वय वर्षं वीस.

म्हणून बाटली हातात आली की आधी नाव वाचा. औषधाच्या नावाच्या शेवटी "सोन" किंवा "लोन" दिसलं तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एक थेंबही नको, आणि दिलं असेल तर जितके दिवस सांगितलं तितकेच. लाली घालवणारे दुसरे ड्रॉपही रोज घातले तर सोडल्यावर डोळा उलट जास्त लाल होतो. कोरडेपणासाठी ओलावा देणारे साधे ड्रॉप वेगळे असतात, ते चालतात, पण फोडलेली बाटली महिन्याने फेका. मी बाटलीवर पेनाने तारीख टाकते. गुलाबपाणी आणि मध डोळ्यात घालणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

फोन पिवळा केला की रात्री दोनपर्यंत चालतं

नाही चालत. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात, त्या चित्र बघायला नाही तर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवायला असतात आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्याला सगळ्यात जास्त दाद देतात, त्यामुळे झोपेच्या बाबतीत निळ्याचा संबंध आहे, हे खरंय. पण किती? २०१५ मध्ये हार्वर्डवाल्यांचा एक प्रयोग आला, १२ जणांना झोपण्याआधी चार-चार तास, पाच रात्री, पूर्ण ब्राइटनेसवर आयपॅडवर वाचायला लावलं, आणि तितक्याच रात्री छापील पुस्तक. मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली हे शरीराला कळवणारं हार्मोन, उशिरा वाढलं, पण झोप लागायला फरक पडला साधारण दहा मिनिटांचा. दहा मिनिटं! आणि तुम्ही "एकच रील" म्हणत दीड तास घालवता, तो दीड तास कुठल्या रंगात मोजायचा? माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पोराचा फोन केशरी आणि डोळे सुजलेले.

माझा फोन रात्री स्वयंपाकघरात मिक्सरच्या सॉकेटला असतो. गजराला चावीचं घड्याळ आहे, टिकटिक करतं, पहिले चार दिवस त्रास झाला. संध्याकाळी आठनंतर हॉलची मोठी ट्यूब बंद, कोपऱ्यातला दिवा चालू, कारण छताची ट्यूब फोनपेक्षा जास्त उजेड फेकते हे कोणी लक्षातच घेत नाही. सकाळी चहा गॅलरीत. घरची मंडळी अजून फोन घेऊनच झोपतात, त्यांच्याशी भांडणं सोडलंय.

अंधारात कुशीवर झोपून, एक डोळा उशीत, दुसऱ्याने फोन बघणाऱ्यांसाठी एक गंमत. उठल्यावर एका डोळ्याने काही मिनिटं दिसेनासं होतं म्हणून बायका घाबरून डॉक्टरांकडे गेल्याचं २०१६ मध्ये एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं होतं. एक डोळा अंधाराला सरावलेला, दुसरा उजेडाला, बाकी काही नव्हतं.

बाकीचं पटापट. डार्क मोड सगळ्यांना मानवत नाही, तिरकस नंबर (सिलिंडर) असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात, मग सरळ बंद करा. नंबर घालवणाऱ्या डोळ्यांच्या व्यायामाच्या ॲपला पैसे देऊ नका. पोरांना ब्लू-कट घेण्यापेक्षा ग्राउंडवर सोडा, तैवानने २०१० पासून शाळकरी पोरांना चष्मा लागू नये म्हणून रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रम लावलाय.

आणि सगळंच स्क्रीनवर ढकलू नका. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं, पडदा सरकल्यासारखं वाटलं, किंवा एकच डोळा लाल होऊन दुखतोय आणि दिसायलाही कमी येतंय, तर माझ्याकडे नंबर काढायला येऊ नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रविवार असला तरी.