साथरोगाचे गणिती मॉडेल बांधताना या चुका टाळा

कर्मॅक आणि मॅक्केंड्रिक या संशोधकांनी १९२७ साली साथरोगाचे प्रसिद्ध गणित मांडले, तेव्हा त्यांनी पडताळणीसाठी घेतली ती मुंबईतील प्लेगची आकडेवारी. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील दर आठवड्याचे मृत्यू त्यांच्या सूत्राच्या रेषेवर इतके चपखल बसले की, तो आलेख आजही पाठ्यपुस्तकांत दिसतो. मात्र माणसांतील प्लेग हे उंदरांमधील प्लेगचे प्रतिबिंब आहे आणि प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखीच आहे, अशी गृहीतके त्यामागे होती; त्यांपैकी एकही काटेकोरपणे खरे नाही, हे खुद्द त्या दोघांनीच लिहून ठेवले आहे. आलेख उचलणारे बहुधा ते वाक्य उचलत नाहीत. रेषा जुळली म्हणजे रोग पसरण्याचे कारणही सापडले, असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय.

याच चुकीचे दुसरे रूप आर-नॉट, म्हणजे साथीच्या सुरुवातीला एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा, काढताना दिसते. समजा, सुरुवातीला रुग्णसंख्या दर ५ दिवसांनी दुप्पट होत आहे. रुग्ण सरासरी ५ दिवस संसर्गक्षम राहतो असे धरल्यास आर-नॉट सुमारे १.७ येतो, १० दिवस धरल्यास २.४ येतो, आणि ५ दिवसांच्या त्या संसर्गकाळाआधी ४ दिवसांचा सुप्तकाळ (लागण झाली, पण ती अजून दुसऱ्याला देता येत नाही असा काळ) जोडल्यास २.६ वर जातो. तिन्ही मॉडेल सुरुवातीच्या आकड्यांना सारखीच जुळतात; म्हणून हे कालावधी रुग्णांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून ठरवावेत, वक्र जुळवून काढू नयेत.

एकूण रुग्णसंख्येच्या चढत्या आलेखावर मॉडेल बसवण्याचा मोहही टाळावा. त्यात आजच्या बेरजेत कालची चूक सामावलेली असते, त्यामुळे अंदाजाची अनिश्चितता फसवी लहान दिसते. रोजचे नवे रुग्ण घ्यावेत आणि शक्य असेल तेथे अहवालाच्या तारखेऐवजी लक्षणे सुरू झाल्याची तारीख वापरावी, कारण रविवारी आकडा घसरतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळा बंद असल्यामुळे.

कोड चालवल्यावर उत्तर विचित्र आले, तर प्रथम साध्या मॉडेलमधील तिन्ही गटांची (लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले) बेरीज तपासावी. जन्म-मृत्यू धरलेले नसताना ती बदलत असेल, तर समीकरणातील एखाद्या पदाचे अधिक-उणे चिन्ह चुकलेले असते. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या उणे झाली, तर कालटप्पा, म्हणजे गणना एका वेळी जितका काळ पुढे सरकते तो, लहान करून पाहावा. पहिल्याच दिवशी सारे शहर बाधित झाले, तर समीकरणातील संसर्गाच्या पदाला लोकसंख्येने भागायचे राहून गेले आहे का, ते पाहावे.