इंजिनातली चिवचिव: बेल्ट बदलण्याआधी या चुका टाळा

बोनेटखालची चिवचिव बहुतेक वेळा फॅन बेल्टवरून, म्हणजे इंजिनाच्या पुली (खाचांची चाकं) फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावरूनच येते, पण दोष बेल्टचाच असतो असं नाही. नवा बेल्ट टाकला की आवाज थांबतो आणि काही आठवड्यांत तीच चिवचिव परत सुरू होते. नव्या बेल्टच्या रिब (लांबीच्या दिशेच्या उंच धारा) भरीव आणि लवचीक असतात, त्यामुळे वाकडी पुली काही दिवस खपून जाते. पुली मात्र वाकडीच राहते आणि नव्या बेल्टची कड खायला लागते.

म्हणून आधी आवाज नीट ओळखा. तुटक, तालात येणारी, आयडलिंगला स्पष्ट ऐकू येणारी ती चिवचिव. गाडी स्टार्ट करताच किंवा एसी लावताच येणारी सलग ‘कुईंऽऽ’ ही किंचाळी. किंचाळणारा बेल्ट घसरत असतो, म्हणजे त्याचा ताण कमी पडतो. चिवचिव करणाऱ्या बेल्टची रिब पुलीच्या खाचेत तिरकी शिरते, कडेला घासते आणि झटक्याने जागेवर बसते. या दोन्हींवर ‘बेल्ट आवळा’ हा एकच इलाज करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. जास्त आवळलेल्या बेल्टने चिवचिव जात नाही, उलट अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचं बेअरिंग लवकर जातं.

पाण्याची चाचणी

ही चाचणी फुकट आहे आणि तरीही क्वचितच केली जाते. इस्त्री करताना वापरतात तशी स्प्रेची बाटली साध्या पाण्याने भरा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलिंगला. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बेल्टच्या जवळपासही नको. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा कधीही सुरू होऊ शकतो हेही लक्षात ठेवा. बेल्टच्या रिबच्या बाजूवर लांबूनच हलका फवारा मारा.

आवाज लगेच थांबला आणि पाणी उडून गेल्यावर परत आला, तर पुली एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला, तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही, तर बेल्ट सोडून बेअरिंगकडे वळा. पावसाळ्यात सकाळी ओरडणारी आणि थोडं चालल्यावर शांत होणारी गाडी बहुधा दुसऱ्या प्रकारातली असते. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर तुटून पडलं असेल तर चाकाने उडवलेलं पाणी थेट बेल्टवर येतं, तेही पाहून घ्या.

पाण्याऐवजी गंज सोडवणारा स्प्रे, ग्रीस, साबण किंवा बेल्टसाठी मिळणारं चिकट ड्रेसिंग मारू नका. तेलकट पदार्थाने रबर फुगतं, चिकट पदार्थावर धूळ बसून खाचा भरतात, आणि चाचणीचा निकालही कायमचा बिघडतो.

वाकडेपणा कुठे शोधायचा

इंजिन बंद करा. आधी सोपं पाहा: सहा रिबचा बेल्ट एखाद्या पुलीवर एक खाच सोडून बसलाय का? घाईत बेल्ट बदलला की हे नेहमी होतं. मग पुलींच्या तोंडाला सरळ पट्टी लावा. सुमारे ३०० मिमी अंतरात १.५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो चिवचिव करायला पुरेसा आहे. अल्टरनेटर किंवा एसीचा कंप्रेसर नुकताच उतरवला असेल, तर वॉशर राहिलाय किंवा ब्रॅकेट नीट बसलेलं नाही, अशी शंका पहिली घ्या.

क्रँक पुलीकडे, म्हणजे इंजिन जिच्यातून बेल्ट फिरवतं त्या मुख्य पुलीकडे, सहसा कोणी बघत नाही. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या लोखंडामध्ये रबराची रिंग असते. आतून बाहेरपर्यंत खडूने एक सरळ रेघ मारा आणि थोडी गाडी चालवून परत पाहा. रेघ तुटली असेल तर रबर सुटलंय, पुली बदलावी लागेल.

मग बेल्ट काढून आयडलर (बेल्टला वळण देणारी) आणि टेन्शनर (बेल्टला ताण देणारी) या पुली हाताने फिरवा. खरखर जाणवली, पुली डुगडुगली किंवा ग्रीस उरलं नसल्यासारखी फार वेळ मोकळी फिरत राहिली, तर बेअरिंग गेलंय. त्यात सिरिंजने तेल सोडू नका. उरलेलं ग्रीसही धुऊन जातं. काही गाड्यांत अल्टरनेटरच्या पुलीत एकतर्फी क्लच असतो. ती पुली एका दिशेला मोकळी फिरायला आणि दुसऱ्या दिशेला रोटरला (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाला) धरायला हवी. दोन्हीकडे जाम किंवा दोन्हीकडे मोकळी असेल तर ती निकामी आहे.

‘बेल्टला भेगा नाहीत, म्हणजे तो चांगला आहे’ हा समज जुना झाला. हल्लीच्या बेल्टमधल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला भेगा उशिरा पडतात. त्याआधी टायरसारखी रिब झिजते आणि बेल्ट खाचेत खोल बसायला लागतो.

बेल्टचा आवाज नसेल तर

थंड इंजिन बेल्टशिवाय जेमतेम ३० सेकंद चालवा. आवाज बंद झाला तर दोष बेल्टच्या वाटेवरच आहे. यापेक्षा जास्त वेळ नको, कारण अनेक गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर असतो. या वेळी बॅटरीचा दिवा लागणारच. हा प्रयोग टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा वेगळा बेल्ट) चुकूनही करायचा नाही.

चिवचिव तशीच राहिली तर क्लचवर हलका पाय ठेवून पाहा. लगेच थांबली तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) किंवा त्याला ढकलणारा फोर्क कोरडा झालाय. चढावर, लोडवर वाढणारी आणि इंजिन तापल्यावर कमी होणारी टिकटिक असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांचं) गॅस्केट तपासा. डिझेल गाडीत इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी काळा, डांबरासारखा थर दिसला तर तांब्याचा वॉशर गळतोय.

दुरुस्तीनंतर नवा बेल्ट चढवण्याआधी पुलीच्या खाचा ब्रशने कोरड्या साफ करा. वॉटर पंपातून कूलंट किंवा वरून ऑइल ठिबकत असेल तर ती गळती आधी थांबवा. मग इंजिन दोन मिनिटं चालवून पाण्याची चाचणी पुन्हा एकदा करा.