पांढऱ्या टोप्या करड्या का येतात?

शटर, ॲपर्चर आणि आयएसओ यांचं नातं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितेय. कॅमेरा कुठला घ्यावा, लेन्स कुठली, यात शिरणार नाही. हातात आहे ती बॉडी आणि किट लेन्स सध्या पुष्कळ झाली. मला बोलायचंय ते कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरबद्दल. त्याच्यापायी माझा पालखीचा एक अख्खा हंगाम फुकट गेला, आणि नव्याने शिकणाऱ्या कितीतरी जणांचे फोटो आजही त्याच खड्ड्यात पडताना बघते.

दिवे घाट घ्या. पुण्याचा मुक्काम आटोपून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे निघते, त्या दिवशी अख्खा घाट धोतर-सदरे-टोप्यांनी पांढरा झालेला असतो. वर पावसाळी फिकट आभाळ. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवून फोटो काढा, टोप्या मळकट करड्या येतील आणि चेहरे काळवंडलेले. आता खिद्रापूरला जा, कोपेश्वराच्या मंदिरात. तिथे उलटं होतं. काळा दगड कॅमेऱ्याला फार अंधारा वाटतो, तो जास्त उजेड आत घेतो, त्यासाठी शटर हळू करतो, आणि तुमच्या हाती येतो धुतल्यासारखा फिका, वर हललेला फोटो. स्वर्गमंडपाच्या उघड्या छतातून पडलेलं ऊन तर पार जळून, म्हणजे तपशील पुसून नुसतं पांढरं, झालेलं असतं.

कारण एकच. मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोरून येणारा उजेड ते मोजतं आणि सगळं मिळून मध्यम करडं असणार असं गृहीत धरतं. साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा करडा. मॅट्रिक्स मीटरिंग, म्हणजे फ्रेमचे भाग पाडून मोजणं, जरा हुशार असतं, फोकस पॉइंटच्या आसपासच्या भागाला जास्त वजन देतं. पण समोर टोपी आहे की तवा, हे त्यालाही कळत नाही.

विश्वास बसत नसेल तर घरीच करून बघा. खिडकीच्या उजेडात पांढरा टॉवेल ठेवा, फ्रेम त्यानेच भरून टाका आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड प्लस-मायनसने वाढवायची-कमी करायची सोय) शून्यावर ठेवून फोटो घ्या. मग तसाच काळ्या तव्याचा. दोन्ही फोटो शेजारी लावले की जवळपास एकच करडा दिसेल. आता टॉवेलला प्लस एक ते दीड द्या, तव्याला मायनस एक. टॉवेल टॉवेलसारखा आणि तवा तव्यासारखा दिसायला लागेल. दहा मिनिटांचं काम आहे, पण हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत कुणाचं सांगणं डोक्यात शिरत नाही.

इथपर्यंत बरेच जण पोहोचतात. खरी गोची पुढे आहे. ‘पांढरं म्हणजे प्लस’ एवढंच पाठ केलंत तर पुन्हा फसाल. फ्रेममध्ये पांढरं किती आहे, त्यावर सगळं ठरतं. दिंडीचा लांबून काढलेला फोटो पांढऱ्याने भरलेला असतो, तिथे प्लस हवं. पण एखाद्या माउलींचा रापलेला चेहरा जवळून भरून घेतलात आणि टोपीची फक्त कड वर दिसतेय, तर मीटर चेहऱ्याकडे बघून आधीच उजेड वाढवत असतं. त्यावर तुम्ही आणखी प्लस दिलंत की टोपी जळाली. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या ठिपक्याचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर धरलंत तर हे आणखीच होतं. अशा वेळी शून्य, कधी मायनस एक तृतीयांश. म्हणजे दर फ्रेमला स्वतःला विचारायचं: समोरचं दृश्य एकंदरीत करड्याहून उजळ आहे की गडद? सुरुवातीला हे फार हळू होतं, क्षण निसटतात, वैताग येतो. येऊ दे. हात आपोआप डायलवर जायला लागतो.

आणखी एक. ॲपर्चर प्रायॉरिटीत प्लस एक दिलंत की शटरचा वेग निम्म्यावर येतो. १/५०० होतं ते १/२५० झालं. चालत्या दिंडीला चालेल, रिंगणात धावणाऱ्या अश्वाला चालणार नाही. तिथे १/१००० च्या खाली उतरू नका. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर ठरवून द्यायची सोय असेल तर ती वापरा. आयएसओ वाढला, थोडे दाणे आले, काही बिघडत नाही. हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही.

आणि कृपा करून मागच्या स्क्रीनवर विसंबू नका. उन्हात तो अंधारा दिसतो, गाभाऱ्यात झगझगीत. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडच्या काळ्यापासून उजवीकडच्या पांढऱ्यापर्यंत फोटोत काय किती आहे ते दाखवणारा आलेख, बघा, जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवा. तीही शक्यतो तिन्ही रंगांच्या हिस्टोग्रामसह, कारण जेजुरीला साधा हिस्टोग्राम हमखास फसवतो. भंडाऱ्याच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा भरभरून, निळा जवळजवळ नाही. एकत्रित आलेख बरा दिसतो, पण लाल कधीच उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो, आणि हवेत उधळलेला भंडारा फोटोत नुसता सपाट पिवळा डाग होऊन बसतो. दोन तृतीयांश मायनस द्या, कणन् कण सुटा दिसेल. शेंदूर आणि झेंडूलाही हेच. जेजुरीत लेन्स बदलू नका. कॅमेऱ्यावर भंडारा बसला तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ओलं फडकं लावलंत की हळद चिकटून बसलीच.

‘मॅन्युअल मोडमध्ये काढत नाही तो फोटोग्राफर नाही’ असं सांगणारे गुरू तुम्हाला भेटतील. मलाही एका कार्यशाळेत हेच शिकवलं गेलं: मॅन्युअलला या, मीटरची सुई शून्यावर आणा, क्लिक करा. आज याचा राग येतो. मॅन्युअलमध्ये सुई शून्यावर आणणं म्हणजे मीटरचं तेच चुकीचं उत्तर हाताने गिरवणं. ऑटोने तेच काम पटकन केलं असतं. सुई शून्यावर का नसावी हे जो शिकवतो, आपले फुकट गेलेले फोटोही उघडून दाखवतो, त्याच्याकडे शिका. विकतच्या प्रीसेटवर (फोटो सुधारायच्या तयार सेटिंग्जवर) पैसे घालवू नका. जेपेगमध्ये दर रंगाला २५६ पायऱ्या असतात. करडं पडलेलं ओढून पांढरं करायला गेलात की सावल्यांत घाण दिसायला लागते, आणि जळालेली टोपी तर कुठलाच प्रीसेट परत आणत नाही. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा, थोडी सूट मिळते. थोडीच.

कॉम्पोझिशनबद्दल फार घाबरू नका. तृतीयांशाचा नियम (फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा) सुरुवातीला पुरतो. क्लिक करण्याआधी चारही कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवा: डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, मागचा स्वागताचा फ्लेक्स. वारीत फ्लेक्सपासून सुटका नाही, मग गुडघ्यावर बसा आणि मागे आभाळ घ्या. घाटाच्या वळणावरून सगळे काढतात तो फोटो तुम्हीही काढा, काही हरकत नाही, पण नंतर खाली उतरून माणसांत जा. जवळून फोटो घ्यायचा असेल तर ‘माउली, काढू का एक?’ एवढं विचारायला काही लागत नाही. नाही म्हणाले तर हात जोडून पुढे निघा.

एकाच विषयाला धरून राहिलं की काय होतं ते बघायचं असेल तर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले कृष्णधवल फोटो शोधून बघा. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक फोटोपाशी थांबा, काळं किती काळं ठेवलंय आणि पांढरं कुठे थांबवलंय ते बघा.

स्वतःचे फोटो दाखवताना ‘अप्रतिम’, ‘सुंदर टिपलंय’ यांनी बरं वाटतं, मलाही वाटतं, पण त्यातून हाती काही लागत नाही. फोटोखाली शटर, ॲपर्चर, आयएसओ आणि कॉम्पेन्सेशन किती दिलं होतं ते लिहा, आणि एकच नेमका प्रश्न विचारा: टोपीतल्या शिवणी दिसतायत का? असं विचारलं की जाणकार माणूस फोटो मोठा करून बघतो आणि खरं उत्तर देतो. जमलं तर त्याच जागेवरून काढलेली, न जमलेली फ्रेमही शेजारी लावा.