20 तारखेलाही संध्याकाळ मोकळी कशी ठेवावी

‘सगळ्यात अवघड काम आधी उरका’ असं सांगणाऱ्यांनी एकदा 20 तारखेला सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या ऑफिसात येऊन बसावं. मी एका कर सल्लागाराकडे अकाउंटंट आहे. दर महिन्याला जीएसटीचं 3बी रिटर्न, म्हणजे महिन्याच्या कराचा गोषवारा, भरणाऱ्यांची ती शेवटची तारीख, आणि आमच्या चौघा मित्रांचं जेवायला बसायचं ठरतं तेही नेमकं त्याच दिवशी. का, ते सिद्धेश्वर जाणे. तुमचं काम वेगळं असेल, पण अडकण्याची जागा बहुतेक तीच असते.

सकाळ: लवकर या, डबा खा, चहा कमी प्या. पुढे.

दुपारी चारच्या आत: दुसऱ्याच्या हातातली कामं.

संध्याकाळ इथेच जाते. अवघड काम माझ्या हातातलं असतं. आकडे जुळत नसले तरी डोकं लावलं की तासाभरात जुळतात. अडकवतं ते दोन मिनिटांचं काम, ज्यात दुसऱ्या माणसाने फोन उचलावा लागतो. आमच्याकडे त्याचं नाव ओटीपी. कंपनीचं रिटर्न असेल तर डिजिटल सहीचं डोंगल लागतं, ते आमच्या ड्रॉवरमध्येच पडलेलं असतं. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला चार माग चालवणारा टॉवेल कारखानदार एकट्याच्या नावावर धंदा करतो. त्याचं रिटर्न ओटीपीवर भरायचं, आणि ओटीपी जातो नोंदवलेल्या मोबाइलवर.

एका वर्षी असाच एक नंबर निघाला कारखानदाराच्या मुलाच्या खिशात, आणि मुलगा पुण्यात शिकायला. रिटर्न पाचलाच तयार होतं. सहा आकड्यांसाठी मी नऊपर्यंत बसलो. पोरगं पिक्चरला गेलं होतं, फोन बंद. खानावळीत पोचलो तेव्हा मटण संपलेलं, ताटात कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगा चटणी. मित्र म्हणाला, “आता काय बे, पुढच्या 20 तारखेलाच ये की.”

तेव्हापासून माझा नियम: 14 तारखेला 2बी, म्हणजे खरेदीवरच्या कराची पोर्टलवरची यादी, आली की तिच्याशी बिलांचा मेळ घालायला घ्यायचा. 18 ला प्रत्येकाला फोन करून एकच विचारायचं, ‘परवा दुपारी बारा ते तीन मोबाइल कुणाकडे असेल?’ ‘बघतो’ हे उत्तर घ्यायचं नाही. नाव घ्यायचं आणि वहीत लिहायचं. चलनाचे पैसे 19 तारखेलाच भरायला लावायचे. बँकेतून आरटीजीएस करणारे असतात, आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत पुढचं बटण दाबता येत नाही. मग 20 ला ओटीपी घ्यायचे ते सलग, एकामागून एक. संध्याकाळी पोर्टल कासवासारखं चालतं, तेव्हा दुपार सोडायची नाही.

आणि पावणेसातला जो पिशवीभर बिलं घेऊन येतो, त्याला सरळ हिशेब सांगा. एका दिवसाच्या उशिराला 50 रुपये विलंब शुल्क, शून्य रिटर्न असेल तर 20, वर थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी त्या दिवसाचं व्याज. लहान धंद्याला हा आकडा ऐकला की माणूस स्वतःच म्हणतो, ‘उद्या करू की अण्णा.’ मोठी रक्कम असेल तर मात्र बसा. तेवढी भूक मारायलाच लागते. पण तसा माणूस वर्षातून एखादाच. बाकीच्यांना आपण निव्वळ भिडेपोटी बसवून घेतो, आणि भीड मोडायला मला सात वर्षं लागली.

नंतर घरी जाऊ नका. ‘फक्त तोंड धुऊन येतो’ म्हणून जुळे सोलापूरला गेलेला आमचा एक मित्र अजून परत यायचाय. जादा शर्ट ऑफिसात ठेवा. उन्हाळ्यात तर ठेवाच, एप्रिलमध्ये सातलाही रस्त्यातून वाफ निघत असते.

जागा आदल्या दिवशी एकाने ठरवायची. ग्रुपवर ‘कुठं बसायचं?’ विचारलंत की संपलं. सावजी की शाकाहारी यावरच तास जातो. मटण हवं असेल तर खानावळीला दुपारी फोन करून चार ताटं सांगून ठेवा, उशिरा जाणाऱ्याला नुसता रस्सा मिळतो. सगळ्यांना सात रस्त्याला गोळा करून मग एकत्र निघायचं, ही कल्पना ज्याला सुचते त्याला एकदा तिथे सातच्या गर्दीत गाडीवर उभं करा. थेट खानावळीत भेटायचं.

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने येणाऱ्यासाठी जेवण थांबवू नका. तो स्टेशनवर उतरेपर्यंत दहा वाजतात. त्याच्यासाठी एक ताट बांधून घ्या आणि पार्क चौकात भेटा, तो तिथेच कट्ट्यावर बसून खातो आणि खुश असतो.

फोन खिशात, आवाज बंद. बिल एकाने भरायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. कुणी वाटणी करायला माझ्याकडे बघितलं तर मी सांगतो, ऑफिस सातला बंद झालं.