सापडलेली धातूची वस्तू ओळखताना या चुका टाळा

निफाड तालुक्यातील आमच्या मळ्यात जुनी द्राक्षबाग काढल्यानंतर, जमिनीत राहिलेले तारांचे आणि लोखंडी अँगलचे तुकडे वेचण्यासाठी मी मेटल डिटेक्टर फिरवत होतो. वीतभर खोलीवर एक हिरवट, जड, दंडगोल वस्तू लागली. माथा चपटा, कडेला एक बारीक खाच. घरातील कोणी तिला खलबत्त्याच्या बत्त्याचा तुकडा म्हटले, कोणी घंटेचा लोलक, तर कोणी देव्हाऱ्यातील मूर्तीची बैठक. त्या संध्याकाळी मी ती वस्तू चिंच आणि मीठ लावून घासली. पितळ लखलखीत निघाले, आणि माथ्यावर जे काही कोरलेले होते त्याची एक वक्र रेघ तेवढी शिल्लक राहिली. पुढे तांबट आळीतील एका वयोवृद्ध कारागिरांनी ती तळहातावर तोलून पाहिली आणि हे पाव शेराचे वजन असावे, असे सांगितले. काट्यावर ते २३१ ग्रॅम भरले. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि पाव शेर म्हणजे २० तोळे, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. झीज धरली तर हिशेब जुळत होता. मात्र ते वजन कोणी, कोणाच्या अमलात प्रमाणित केले, हे सांगू शकणारा शिक्का मी स्वतःच्या हाताने घासून टाकला होता.

घासणे, उकळणे, आम्लात बुडवणे

ही चूक सर्वांत मोठी आहे, कारण ती दुरुस्त करता येत नाही. तांब्या-पितळेवर चढलेला हिरवा कळंक हा वरून लागलेला मळ नसतो. धातूचा मूळ पृष्ठभागच शतकानुशतके मातीतील पाणी, हवा आणि क्षार यांच्याशी संयोग पावून त्या थरात रूपांतरित झालेला असतो, आणि म्हणून नाण्यावरची अक्षरे किंवा वजनावरचा शिक्का कित्येकदा त्या थरातच टिकून असतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा भांड्यांची पावडर लावली की थराबरोबर अक्षरेही जातात.

या बाबतीत नाशिक जिल्ह्याचे स्वतःचेच मोठे उदाहरण आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. पांडवलेण्यांतील त्याची आई गौतमी बलश्री हिच्या शिलालेखात क्षहरात वंशाच्या, म्हणजे नहपानाच्या घराण्याच्या, उच्छेदाचा जो उल्लेख आहे, त्याला या नाण्यांनी धातूचा पुरावा दिला. तो पुरावा कशात होता? सातवाहनांच्या ठशाखाली नहपानाच्या मूळ ठशाच्या ज्या अस्पष्ट रेषा उरल्या होत्या, त्यांत. चांदी चकाकावी म्हणून कोणी ती नाणी राखेने खसाखसा घासली असती, तर खालचा राजा पुसला गेला असता आणि वरचा तेवढा उरला असता.

मग करावे काय? माती ओली असेल तर ती सावलीत वाळू द्यावी आणि सुटी झालेली माती मऊ कुंचल्याने किंवा बांबूच्या काडीने अलगद काढावी. जी निघत नाही ती राहू द्यावी. तांब्याच्या किंवा कांस्याच्या वस्तूवर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड पुनःपुन्हा उमटत असेल, तर क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जात आहे, असे समजावे. अशी वस्तू ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवावी आणि संवर्धनाच्या जाणकाराला दाखवावी. लोखंडाचा गंज हातोडीने ठोकून पाडू नये; बऱ्याच वेळा गंजाच्या पोटात लोखंड उरलेलेच नसते आणि वस्तूचा मूळ आकार केवळ त्या गंजानेच धरून ठेवलेला असतो.

यंत्रावरचा आकडा म्हणजे धातूचे नाव, असे समजणे

डिटेक्टरच्या पडद्यावर दिसणारा आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चांदीच आहे, अशी नवशिक्याची समजूत असते. वास्तविक डिटेक्टरच्या तबकडीतून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत गोल फिरणारे विद्युत प्रवाह (भोवरे-प्रवाह) निर्माण होतात आणि त्यांचे क्षेत्र किंचित उशिराने तबकडीकडे परत येते. हा उशीर धातूची वाहकता, आकार, जाडी आणि आडवे-उभे पडणे या सर्वांवर अवलंबून असतो. म्हणून सोन्याची पातळ अंगठी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा एकाच आकड्यावर येऊ शकतात, तर बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा, कढईचे कडे किंवा रुंद पत्रा हे आकारामुळे मौल्यवान धातूचा आवाज देतात. आमच्याकडील जमिनीची आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिज असते आणि त्या खडकापासून झालेल्या काळ्या मातीतही ते उतरलेले असते, त्यामुळे यंत्राचे भूसंतुलन (मातीचा परिणाम वगळण्याची जुळवणी) त्या जागेवर नव्याने केले नाही तर आकडा डळमळतो आणि खोलवरची वस्तू लोखंड म्हणून सोडून दिली जाते. वस्तू बाहेर काढल्यावर ती हवेत धरून पुन्हा तपासावी आणि रिकामा खड्डाही एकदा तपासावा, कारण चांगल्या वस्तूशेजारी पडलेला एखादा खिळा पहिला आकडा बिघडवत असतो.

मॅग्नेटाइटमुळेच आणखी एक गैरसमज पसरतो. चुंबकाला चिकटणारा जड काळा दगड म्हणजे उल्का, असे मानले जाते. आपल्याकडील साधा बेसाल्टही चुंबकाला थोडाफार ओढला जातो.

केवळ चुंबकावर निर्णय देणे

चुंबक उपयोगी आहे, परंतु तो फार थोडे सांगतो. तांबे, पितळ, कांसे, शिसे, चांदी आणि सोने यांपैकी काहीही त्याला चिकटत नाही. उलट १९४६-४७ मधील निकेलची नाणी आणि अलीकडील पोलादी नाणी चिकटतात. त्यापेक्षा घनता अधिक बोलकी असते आणि ती घरच्या डिजिटल काट्यावर मोजता येते. प्रथम वस्तूचे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि वस्तू दोऱ्याला बांधून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडेल अशी धरावी. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके तिचे घन सेंटिमीटर आकारमान असते. वजनाला आकारमानाने भागले की घनता मिळते. आमच्या वस्तूचे २३१ ग्रॅम आणि २७ घन सेंटिमीटर यांचा भागाकार ८.५ च्या आसपास आला, म्हणजे पितळ. तुलनेसाठी ॲल्युमिनियम २.७, जस्त ७.१, लोखंड ७.९, तांबे ९ च्या जवळ, चांदी १०.५, शिसे ११.३ आणि सोने १९.३ हे आकडे लक्षात ठेवावेत. वस्तू पोकळ असेल, तडकलेली असेल किंवा तिच्यावर गंजाचा जाड थर असेल, तर या मापावर विसंबू नये. भुसभुशीत झालेली वस्तू तर पाण्यात घालूच नये.

वस्तू पाहणे आणि जागा विसरणे

मी वीतभर खोली एवढेच लक्षात ठेवले होते. ती कोणत्या थरात होती, शेजारी खापर, कोळसा किंवा विटेचा तुकडा होता का, याची नोंद केली नव्हती. शेतातील वस्तू तर नांगराबरोबर सरकते, आणि आमच्या भागात तलावातील व नदीतील गाळ शेतात पसरण्याची रीत आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून हे काम आणखी वाढले. त्यामुळे शेतात सापडलेले नाणे त्या शेताचेच असेल, असे नाही. घरातील वडीलधाऱ्यांना माती कोठून आली, विहीर कधी खोदली, मोटेचे थारोळे (मोटेचे पाणी पडायची जागा) कोठे होते, हे आधी विचारावे. पुष्कळशा ‘गूढ’ वस्तू तेथेच उलगडतात: बैलाच्या खुराची पत्री, घोड्याची नाल, फाळाचे टोक, मोटेचे कडे, फवारणी पंपाचा पितळी नोझल. उचलण्यापूर्वी फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि घरी तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो घ्यावेत. आटे किंवा वेल्डिंग दिसले, तर वस्तू बहुधा यंत्रयुगातील आहे, हे ठरवायला वेगळ्या तज्ज्ञाची गरज राहत नाही.

पंचवटीसारख्या तीर्थक्षेत्री नदीच्या वाळूत सापडणाऱ्या चकत्यांबाबत विशेष सावध राहावे. राम दरबार किंवा हनुमान एका बाजूला आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८’ असा मजकूर दुसऱ्या बाजूला असलेली नाणी कंपनीने पाडलेली नाहीत. ती नंतरच्या काळातील धार्मिक टिकल्या आहेत. याउलट एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेला तांब्याचा झिजका तुकडा ओबडधोबड दिसतो म्हणून भंगारात टाकला जातो, आणि ती शिवराई असते. नाण्यांबाबत शंका असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. एवढ्या जवळ अशी संस्था असणे हे नाशिककरांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

तोफगोळ्यासारखी अनोळखी वस्तू घरी नेणे

देवळाली येथे तोफखान्याचे विद्यालय आहे आणि त्या परिसरात गोळीबाराची सरावक्षेत्रे आहेत. शेपटाला पंख असलेली, टोकदार नळकांड्यासारखी किंवा तळाशी तांब्याचा पट्टा असलेली वस्तू दिसली, तर ती हलवू नये, ठोकू नये, माती झटकू नये आणि जवळ यंत्रही फिरवू नये. आल्या पावली मागे फिरून ११२ क्रमांकावर कळवावे, इतरांना दूर ठेवावे. गंजलेली म्हणजे निकामी, हा समज जीवावर बेतू शकतो.

सापडले ते आपले, असे मानणे

संरक्षित स्मारकाच्या परिसरात परवानगीविना खोदकाम करता येत नाही. पांडवलेण्यांच्या आसपास तर हा विचारही मनात आणू नये. स्वतःच्या शेतातही मालकाची संमती एवढ्यावर प्रश्न संपत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याची ठेव सापडल्यास शोधणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजे मूल्य, जागा आणि सापडल्याची तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची असते, आणि ठेव सरकारी कोषागारात जमा करायची किंवा ती हजर करण्याची हमी द्यायची असते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू मानली जाते, आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. म्हणून सराफाकडे नेऊन वितळवून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये.

एकाच खड्ड्यात दुसरे नाणे लागले किंवा मडक्याची कड दिसली, तर खोदणे तेथेच थांबवावे. मडके उचलू नये, त्यातील मातीही सांडू देऊ नये, कारण नाणी कोणत्या क्रमाने भरली गेली हे त्या मातीतच दिसते. जागा ताडपत्रीने झाकावी, एका जाणत्या माणसाला तेथे बसवावे आणि तहसील कार्यालय तसेच राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे.