गर्भनिरोधकांची तुलना आणि वापर : या चुका टाळा

गर्भनिरोधक साधने निवडताना सर्वांत मोठी चूक आकड्यांची तुलना करताना होते. गोळ्यांच्या पाकिटासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात ‘९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. पण तो आकडा एकही गोळी न चुकवणाऱ्या स्त्रीचा असतो. प्रत्यक्षात गोळ्या वापरणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण सात जणींना पहिल्या वर्षात गर्भ राहतो. निरोधच्या बाबतीत हा आकडा तेरा आहे, तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा चार आणि तांबीचा, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीसारख्या साधनाचा, एकाहूनही कमी. तांबी एकदा बसली की तिची रोज आठवण ठेवावी लागत नाही, म्हणून तिच्या पुस्तकी आणि प्रत्यक्ष आकड्यांत जवळजवळ फरक पडत नाही. त्यामुळे ‘सर्वांत चांगले साधन कोणते’ असे विचारण्याऐवजी, शिफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या, प्रवासात असणाऱ्या किंवा तान्ह्या बाळामुळे रात्रभर जागणाऱ्या आपल्याच्याने कोणत्या साधनाचे वेळापत्रक पाळले जाईल, हे आधी तपासावे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरी अनेक घरांत हा निर्णय अजून जावेच्या किंवा शेजारणीच्या अनुभवावरूनच घेतला जातो. तिला मानवलेली गोळी उच्च रक्तदाब असलेल्या, पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेल्या किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रीला धोक्याची ठरू शकते. म्हणून माला-एनसारखी मिश्र संप्रेरकांची (हार्मोन्सची) गोळी रक्तदाब मोजल्याशिवाय सुरू करू नये.

गोळ्यांतल्या चुका जरा तपशिलाने पाहायला हव्यात, कारण त्या सहज टाळता येतात. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या. लोहाच्या गोळ्या गर्भ रोखत नाहीत, म्हणून पुष्कळ जणी त्या सोडून देतात. तेवढ्याने संरक्षण कमी होत नाही. मात्र रोजची सवय मोडते आणि पुढचे पाकीट दोन-तीन दिवस उशिरा उघडले जाते. संप्रेरकांशिवायचे दिवस सातपेक्षा जास्त झाले की अंडाशय पुन्हा जागे होऊ लागते, त्यामुळे पाकिटाच्या मध्यावर विसरलेल्या एका गोळीपेक्षा उशिरा सुरू केलेले पाकीट अधिक घातक असते. एक गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी, मग एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतात. सलग दोन किंवा अधिक राहिल्या तर आठवताच एक घेऊन रोजचा क्रम चालू ठेवावा आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा. या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील, तर संप्रेरकांच्या गोळ्या संपताच लोहाच्या गोळ्या टाळून थेट नवे पाकीट सुरू करावे.

गोळ्या नियमित घेऊनही गर्भ राहिला, तर सोबतची औषधे आठवून पाहावीत. क्षयरोगावरच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिटांवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात. दवाखान्यात क्षयाची फाइल वेगळी आणि कुटुंब नियोजनाची नोंद वेगळी, त्यामुळे ही गोष्ट आपण स्वतःहून सांगितली नाही तर बहुधा कोणी विचारतही नाही.

छाया ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाली. तिच्यात संप्रेरक नसते आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. तिला मालासारखी रोज घेणे किंवा पहिल्यापासूनच आठवड्याला एक घेणे, या दोन्ही चुका सर्रास होतात. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा ठरावीक वारी घ्यायची, उदाहरणार्थ रविवारी आणि बुधवारी, आणि चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. तिच्यामुळे पाळी लांबू शकते. पण गोळ्या चुकल्या असतील आणि पाळीही लांबली असेल, तर लघवीची तपासणी करून घ्यावी.

तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे अंतरा इंजेक्शन घेणाऱ्या अनेक स्त्रिया एका मात्रेनंतर थांबतात, कारण अंगावरून अधूनमधून जात राहते आणि पुढे पाळी बंदच होते. पाळी थांबली म्हणून रक्त पोटात साठत नाही, ही गोष्ट पहिल्या इंजेक्शनपूर्वीच समजावून सांगितली असती तर निम्मी भीती गेली असती. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भ राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून पुढच्या वर्षी मूल हवे असणाऱ्या जोडप्याने हे साधन निवडणे शहाणपणाचे नाही. तांबी काढल्यावर मात्र असे थांबावे लागत नाही.

तांबी काळजाकडे सरकते, ही समजूत निराधार आहे. ती सहसा गर्भाशयातच राहते, कधी कधी खाली निसटून पडते. म्हणून पाळीनंतर तिचा दोरा हाताला लागतो का, हे पाहावे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते, आणि नेमक्या याच काळात ती घाईने काढून घेतली जाते. ताप, ओटीपोटात तीव्र वेदना, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा चुकलेली पाळी यांपैकी काही असेल तर थांबू नये. पण केवळ वाढलेल्या स्रावावर आधी औषध घेऊन पाहता येते. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षे आणि कॉपर ३७५ पाच वर्षे चालते, तेव्हा कोणती बसवली आहे, ते कार्डावर लिहून घ्यावे.

‘बाळ अंगावर पिते आहे, तोवर काळजी नाही’ हे अर्धसत्य आहे. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असणे, त्याला रात्रंदिवस फक्त आईचेच दूध मिळणे आणि आईची पाळी अद्याप न येणे, या तीनही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तरच हा भरवसा ठेवता येतो.

तातडीची गोळी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी पडते. मात्र ती घेतल्यानंतरच्या संबंधांना तिचे संरक्षण नसते आणि राहिलेला गर्भही तिने पडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या असून त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तातडीच्या गोळीपेक्षा अधिक खात्रीची असते.

निरोधला खोबरेल तेल लावू नये, एकावर एक दोन चढवू नयेत आणि तो पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नये. लैंगिक संसर्गापासून बचाव याच साधनाने होतो, त्यामुळे दुसरे साधन वापरत असतानाही त्याची गरज भासू शकते.

मूल नको असे पक्के ठरल्यावर ऑपरेशन करायचे ते बाईनेच, हे घराघरांत गृहीत धरले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण केवळ ०.३ टक्के होते. वास्तविक बिनटाक्याची नसबंदी अधिक सोपी असते, तिच्यासाठी पोट उघडावे लागत नाही आणि पुरुषत्वावर तिचा परिणाम होत नाही. मात्र ती त्याच दिवसापासून लागू होत नाही. नलिकेच्या पुढच्या भागात शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरून नंतर वीर्याची तपासणी करावी लागते. नसबंदीनंतर गर्भ राहिला म्हणून पत्नीवर संशय घेतला जातो, तेव्हा ही तपासणी झाली होती का, हे आधी पाहावे. तपासणीत शुक्रजंतू नाहीत असे लेखी मिळेपर्यंत निरोध सोडू नये.